सारसांची वहिवाट

मोजणीदार गावात आला की गावाचे दोन भाग पडतात. एका भागाला वाटतं आपली जमीन वाढणार, दुसऱ्याला वाटतं आपली कमी होणार. खरं म्हणजे जमीन असते तेवढीच असते, पण हे मला उभ्या नोकरीत कोणाला पटवता आलं नाही. आता पेन्शन घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात बसलो आहे, तरी लोक धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात मला ओढतात. मी निकाल सांगतो आणि हरलेला शेजारी महिनाभर ओळख देत नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतल्या गमती लिहून पाठवा’ असं कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही लिहायला हात चालत नाही.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची ही गोष्ट आहे. आधी धंद्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याजवळ एक लोखंडी साखळी, पाच-सहा झेंड्या आणि तीन पायांवर उभी राहणारी एक लाकडी फळी असे. फळीवर कागद ताणायचा, झेंडीवर नजर लावायची आणि रेघ ओढायची. हे काम कोणीही हुशार माणूस महिन्याभरात शिकेल. अवघड काम पुढे असतं, आणि ते म्हणजे वहिवाट ठरवणं. जमीन प्रत्यक्ष कसतो कोण? वखर ज्याचा, वहिवाट त्याची, असा आमचा हिशेब. जो तुकडा पडीक दिसेल त्याच्यापुढे ‘कोणाची वहिवाट दिसून आली नाही’ असं लिहायचं. एवढं एक वाक्य कागदावर चढलं की उद्या त्या तुकड्यावर कोणीही हक्क सांगत येऊ शकतो, आणि सरकार तर सगळ्यात आधी. म्हणून वऱ्हाडातला शेतकरी धुऱ्याच्या पार मुळापर्यंत वखर नेतो. लोक त्याला हावरट म्हणतात. तो हावरट नसतो, त्याने आमच्यासारखी माणसं पाहिलेली असतात.

दुसरा नियम मी अकोटला शिकलो. नोकरीत नवा होतो, बोलका होतो. एका शेतकऱ्याने पाणी दिलं, गूळ दिला आणि सहज विचारलं, “कायची मोजनी व्हय साहेब?” मी म्हणालो, इथून सडक जाणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर काल जिथे नुसत्या काटेरी बाभळी होत्या तिथे भरपाईच्या आशेने संत्र्याची बाग उभी! झाडांच्या मुळांशी माती अजून ओली होती, आणि चार-पाच झाडं तर वाऱ्यानेच आडवी झाली होती. वरच्या अधिकाऱ्याने मला समोर उभं करून सांगितलं, मोजणीदाराने डोळे उघडे ठेवावेत आणि तोंड बंद. मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून मोजणी कशाची हे मी कोणाला सांगितलं नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता.

पुढे अमरावतीला बदली झाली. तिथे एक गोरे साहेब होते, त्यांना पक्ष्यांचा नाद. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, “मोजणीदार, ग्रंथांत लिहिले आहे की सारस पक्षी इतक्या उंच डोंगरावर अंडी घालीत नाही. मला वाटते, चिखलदऱ्याच्या पठारावर घालतो. तू मोजून दे.” घरटी किती, कोणत्या तळ्यावर, काठापासून किती अंतरावर, अंडी किती, आणि मग दसऱ्यानंतर पुन्हा जाऊन पिल्लं किती. पिल्लं जगलेली दिसली तर ते वर लिहून त्या तळ्यांवरची शिकार बंद करवणार होते. पिल्लं नसली तर लिहायला काही नाही.

कचेरीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. “आता बगळ्यांच्या नावाने पट्टे निघणार,” असं हेडक्लार्क म्हणाले. मीही हसलो, पण मनातून मला हे काम हवं होतं. आदल्या हिवाळ्यात मी त्याच पठारावर एका पाहुण्या शिकाऱ्याने सारस पाडलेला पाहिला होता. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच पक्षी, तांबडं डोकं, राखी अंग. त्याचं मांस कोणी खात नाही. पैज लागली म्हणून मारला आणि तिथेच टाकून ते लोक जेवायला गेले. तेव्हा मी काही बोललो नव्हतो. बोलण्याची माझी पायरीही नव्हती. आता निदान कागदाने काही करता येईल असं वाटलं. जन्मभर भाऊ-भाऊ तोडणारे कागद केले, एक तरी चांगला कागद आपल्या हातून व्हावा, एवढंच मनात होतं.

पोळा झाला आणि आम्ही परतवाड्याहून घाट चढलो. आम्ही म्हणजे मी आणि सखाराम. सखाराम माझा साखळीवाला, वयाने माझ्याहून मोठा, सोळा वर्षं साखळीचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. वर धुकं इतकं की दहा पावलांवरची झेंडी दिसेना. ऊन पडलं की तासभर काम, मग पुन्हा छत्रीखाली बसून राहायचं. साखळीला दोन दिवसांत गंज चढला. तरी आठवड्याभरात आम्ही पठारावरची सगळी तळी पालथी घातली आणि तीन तळ्यांवर तीन घरटी सापडली. पाय न भिजवता पाण्यातलं घरटं मोजायचं तर काठावर दोन जागी उभं राहून दोन्हीकडून त्याच्यावर नजर लावायची. कागदावर त्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे घरटं. एकही पक्षी न उठवता मी तिन्ही घरटी कागदावर आणली, आणि नर-मादी पाळीने उठत तेवढ्यात अंडीही मोजली, प्रत्येक घरट्यात दोन. तसा नकाशा मी पुन्हा कधी काढला नाही.

तिसऱ्या तळ्याच्या काठी गंगाराम माळ्याचा मळा होता. गंगाराम आणि त्याची बायको तुळसाबाई मूळचे अंजनगाव सुर्जीचे. गंगारामचा बाप बंगल्यांना भाजी पुरवायला म्हणून वर आला आणि तिथलाच झाला. कोबी, वाटाणा, मेथी असा माल. मळा कसला, तळहाताएवढा तुकडा; पण इतका नेटका की मेथीच्या वाफ्यांवर मी फळी लावून रेघ ओढली असती. फक्त पाण्याकडची एक पट्टी तशीच सोडलेली होती, गवत आणि लव्हाळे माजलेली. तिच्याच टोकाला, घोटाभर पाण्यात, गवताचा ढीग करून सारसाची मादी बसली होती. नर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तुळसाबाई तिथून घागर घेऊन गेली तरी त्याने मान वळवली नाही.

“हे का सोडलं?” मी विचारलं.

“ते सारसायचं वावर हाय, साहेब,” गंगाराम म्हणाला. “माया बापानं सोडलं होतं. मी बी सोडतो. जोडी दरसाली येते.”

“इतकी चांगली गाळाची जमीन?”

तुळसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, “चांगली हाय म्हनून तं सोडली, भाऊ. वाईट जमीन कोनी बी सोडते.”

हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली आणि मग कामाला बसलो. पंच म्हणून गंगाराम आणि शेजारचा एक गवळी असे दोघे बसवले. नियम असा की पंचनामा लिहून झाला की तो पंचांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग अंगठे घ्यायचे. मी नियमाचा पक्का. खणखणीत आवाजात वाचलं : “तळ्याच्या पश्चिम काठास लागून गवताची पट्टी, तीत पक्ष्याचे घरटे एक, अंडी दोन. सदर पट्टीवर कोणाची वहिवाट दिसून आली नाही.”

गंगारामची मान वर झाली. “कोनाचीच नाई?”

“दिसून आली नाही, असं लिहिलं आहे.”

“ते तं आमचं सोडेल वावर हाय ना, साहेब!”

“पेरलं आहे का त्यात काही?”

“नाई.”

“मग झालं. इथे अंगठा दे.”

त्याने दिला. गवळ्यानेही दिला. भाकरीसाठी बोलावताना तोंडभरून हसणारी तुळसाबाई आम्ही निघालो तेव्हा घरातून बाहेर आली नाही. मी ते पाहिलं आणि बायकांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

वाटेत सखाराम म्हणाला, “साहेब, त्याले सांगून काहून नाई देत, पाखरं मोजून राह्यलो म्हनून?”

मी त्याला अकोटच्या संत्र्याच्या बागेची आठवण करून दिली. म्हणालो, “सांगितलं तर उद्या सगळं पठार ओरडेल, सरकार पाखरांसाठी तळी घेतं म्हणून.”

“अन् न सांगता आता का म्हनून राह्यले असतीन ते?”

साखळीवाल्याने मोजणीदाराला अक्कल शिकवू नये असं तेव्हा माझं मत होतं.

दसरा झाला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. धुकं निघून गेलं होतं, गवत पिवळं पडू लागलं होतं. घरटी तीन, अंडी सहा. निदान तीन-चार पिल्लं तरी आईबापामागे चालताना दिसतील असा माझा अंदाज होता. सगळ्यात आधी गंगारामच्या तळ्यावर गेलो, कारण तिथे खात्री होती.

पुन्हा मोजायला खूण म्हणून काठावर रोवून ठेवलेल्या माझ्या दोन्ही झेंड्या जागच्या जागी होत्या. पट्टी मात्र नांगरलेली. गंगारामने बांध फोडून पाणी उतरवलं होतं आणि पार पाण्यापर्यंत नांगराचे तास घातले होते. मेथी दोन पानांवर आली होती. सारसांची जोडी पलीकडच्या चिखलात नुसती उभी होती.

गंगाराम धावत आला. मला पाहून त्याला आनंद झाला होता. “या साहेब, पाहा! आता हाय का नाई वहिवाट? काढा तुमचा कागद अन् मायं नाव लिवा.”

“अंडी कुठे आहेत?” मी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. तुळसाबाई पुढे आली. “नांगर मीच थांबवला व्हता. अंडी उचलून काठावर गवतात ठेवली. पन मादी येऊन पाहे अन् जाये, बसे नाई. मंग घरी आनली, कोंबडीखाली ठेवली. एवढाली अंडी, कोंबडी भेऊन पळे. मंग चुलीपाशी राखेत ठेवली. आठ दिसांनी वास आला.”

“पण का? इतकी वर्षं सोडलेली पट्टी, आत्ताच का?”

“तुमीच तं लिवलं,” गंगाराम म्हणाला. “कोनाची वहिवाट नाई म्हनून. आज पट्टी जाते, उद्या मळा जाते. मी का अडानी हाव साहेब? मले समजते मोजनी काहून येते ते.”

मग मी सांगितलं. सरकारला जमीन नको आहे, कधीच नको होती. आम्ही फक्त पाखरं मोजायला आलो होतो, त्यांची शिकार बंद व्हावी म्हणून. तो कागद जमिनीचा नव्हताच. वहिवाटीचं वाक्य मी सवयीने लिहिलं, कारण प्रत्येक पंचनाम्यात ते लिहितो.

गंगाराम तिथेच तासात बसला. मग तुळसाबाई म्हणाली, “मंग हे तवाच सांगाले तुमची जीभ झडली व्हती का, भाऊ? माया हातची भाकर खाल्ली तुमी.”

सखाराम दुसरीकडे पाहू लागला. मला राग आला, आणि राग यायला जागा नव्हती म्हणून तो आणखीच आला. मी कागद गुंडाळले आणि पुढच्या तळ्याकडे निघालो. वाटेत मनात कुठेतरी आशा होती की उरलेली दोन तरी वाचली असतील. पण पंच म्हणून बसवलेला तो गवळी आधीच सगळीकडे पोचला होता. एका तळ्यावर वहिवाट दाखवायला गवळ्यांनी म्हशी पाण्यात घालून ठेवल्या होत्या, महिनाभर रोज. दुसऱ्या तळ्याला काट्यांचं कुंपण पडलं होतं. त्या दोन्ही पंचनाम्यांत मी तेच वाक्य लिहिलं होतं आणि तितक्याच खणखणीत आवाजात वाचलं होतं. बिबट्याने, कोल्ह्याने, पावसाने जे केलं नाही ते माझ्या एका वाक्याने तिन्ही तळ्यांवर केलं.

खाली आलो ते ठरवूनच, की साहेबांना सगळं सांगायचं. सांगायला सुरुवातही केली. साहेबांनी एका हाताने मला थांबवलं. त्यांना पंचनाम्यात रस नव्हता. पिल्लं किती एवढंच त्यांनी विचारलं, मी शून्य म्हटलं, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण ते बंगल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि आम्ही मान डोलावणार, हीच तेव्हाची रीत. चार दिवसांनी त्यांनी लिहिलेला अहवाल माझ्यापुढे आला. माझ्या नकाशाची त्यात स्तुती होती. शेवटी लिहिलं होतं की पठारावर सारस अंडी घालतो हे सिद्ध झालं, परंतु स्थानिक लोकांच्या अज्ञानामुळे आणि निष्काळजीपणामुळे सर्व घरटी नष्ट झाली. सबब, शिकारबंदीची शिफारस करण्यात अर्थ उरलेला नाही.

“काही दुरुस्ती?” साहेबांनी विचारलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती. आणि यादी नसती तरी मी बोललो असतो का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तोंड बंद ठेवण्याची इतकी सवय झाली होती की ते उघडायचं कसं हेच मी विसरलो होतो. “नाही साहेब,” असं म्हणून मी सही केली. माझ्या सेवापुस्तकात ‘अत्यंत दक्ष’ असा शेरा पडला. त्या हिवाळ्यात तळ्यांवर बंदुका नेहमीसारख्या वाजल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत सखारामने घाटावरून येणाऱ्यांकडे चौकशी केली. सारस दिसले असं कोणी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याने विचारणं सोडलं.

काही वर्षांनी एका मोजणीसाठी अंजनगाव सुर्जीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या रांगेतून जाताना कोणीतरी “भाऊ” म्हणून हाक मारली. तुळसाबाई होती. केस पिकलेले, कपाळ मोकळं. गंगाराम दोन वर्षांपूर्वी तापाने गेला आणि ती खाली माहेरच्या माणसांत येऊन राहिली होती. मला वाटलं, आता ही भर बाजारात माझा उद्धार करणार, आणि करायलाच हवा होता. पण तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “भाऊ, एक पुसू का? तुमच्या त्या कागदात आमचं नाव लिवलं व्हतं का? अंडी यायनं नासवली म्हनून?”

“नाही,” मी म्हणालो. “नाव कोणाचंच लिहिलं नाही.”

हे खरं होतं. स्थानिक लोक, एवढंच लिहिलं होतं.

तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “लय बरं केलं, भाऊ. माया मानूस मरेपावतर भेत व्हता. शिपाई आला का मळ्यात लपे. म्हने, साहेबानं आपलं नाव लिवलं असन. मी म्हनो, तो भाऊ तसा नाई, त्यानं आपल्या घरची भाकर खाल्ली हाय. तुमचे लय उपकार झाले.”

त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. कागदात काय लिहिलं होतं, कोणी सही केली, आणि काही दुरुस्ती आहे का म्हणून विचारल्यावर मी काय म्हणालो. बाजारात गर्दी होती, पण ती माझ्याकडेच पाहत होती आणि मला कोणी घाई करत नव्हतं. मी म्हणालो, “त्यात काय एवढं.”

तिने पुढ्यातली निवडक वांगी उचलली, काटेरी देठांची, ताजी, आणि माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हणालो तर रागावली. ती वांगी मी अकोल्याला घरी आणली. बायकोने भरून केली. कुठून आणली म्हणून तिने विचारलं, मी म्हणालो, ओळखीच्या बाईने दिली. मुलांनी आवडीने खाल्ली, आणि मीही त्या दिवशी पोटभर जेवलो.